गालाच्या आतली हळद

नांदेड, १२ नोव्हेंबर २०२४

रामलिंग,

तारामती वहिनींच्या करंज्या पोचल्या. निम्म्या एसटीत फुटल्या होत्या, पण चुरासुद्धा आम्ही बापलेकीने चमच्याने खाल्ला. वहिनींना माझा सलाम सांग.

फोन केला असता, पण फोनवर तू 'हाव' आणि 'न्हाई' यांच्या पलीकडे जात नाहीस. शिवाय तुमच्याकडे स्पीकर लावून अख्खी गल्ली ऐकते. एकतीस वर्षं पत्रांवर काढली, आता म्हातारपणी सवय कशाला मोडायची?

काम असं आहे. मुबश्शिरा इथे उजेडावर पीएच.डी. करते, हे तुला माहीत आहे. 'उजेडावर काय शिकायचं असतं,' असं तूच तिला विचारलं होतंस. आता तिने हातात मावेल एवढी एक काळी पेटी केली आहे. तोंडात निळा उजेड टाकायचा आणि पिवळ्या काचेतून बघायचं. निरोगी मांस त्या उजेडात आपणहून मंद हिरवं चमकतं. जिथे आत काही बिघडायला लागलं असेल तिथली चमक मरते आणि काळा डाग दिसतो. नुसत्या डोळ्यांना काही कळायच्या आधी हे दिसू शकतं. कॅन्सर आहे की नाही ते पेटी ठरवत नाही. ती फक्त बोट दाखवते. ठरवतात डॉक्टर, तुकडा काढून तपासल्यावर. आणि ती पिवळी काच कुठली, सांगू? माझ्या जुन्या कॅमेऱ्याची. पोरीने पेटी उघडली, काच मापाने बसली, आणि मी दिवसभर शीळ घालत फिरलो.

आता तिला तुलनेसाठी काही तोंडं हवी आहेत: जन्मभर तंबाखू खाल्लेली, तरीही ठणठणीत. मी म्हटलं, असं एकच तोंड माझ्या ओळखीचं आहे आणि ते किल्लारीत राहतं. तेव्हा दोन दिवस ये. बिर्याणी करतो. तुझ्यासाठी शेवग्याच्या शेंगांची.

खाजामियाँ

—

किल्लारी, २२ नोव्हेंबर

खाजामियाँ,

तू मला काय दुधखुळा समजतोस? ठणठणीत तोंड हवं म्हणे. दसऱ्याला आमच्या आरतीच्या साखरपुड्यात तू जेवायचं सोडून माझ्या ताटाकडे बघत होतास, गिऱ्हाइकाचा फोटो काढायच्या आधी बघतोस तसा. मी ठेचा घेतला नाही आणि भाकरी आमटीत बुडवून गिळली, हे तू टिपलंस. ऊन लागून तोंड आलं होतं, दुसरं काही नाही.

पण बघायला तुला एकट्यालाच येतं असं समजू नकोस. भूकंपानंतर घरकुलाच्या कागदांसाठी तू गावात फोटो काढायला आलास. मी तुझी तिपाई धरली आणि दुपारी तंबाखू मळून अर्धी तुझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून आजपर्यंत तुझी चिमूट डाव्या गालात जाते. साखरपुड्याला ती उजव्या गालात गेली. मी मळलेली तंबाखू कुठे जाते हे मला कळणार नाही तर कुणाला? डाव्या गालात काय लपवून ठेवलंयस ते सांग आधी.

मी येईन. एका अटीवर. त्या पेटीसमोर पहिला तू बसायचं.

तारामती म्हणते, भाऊजींना सांगा, चिवडा पण पाठवला होता, त्याचं नाव का नाही काढलं.

रामलिंग

—

नांदेड, २९ नोव्हेंबर

रामलिंग,

पकडलंस. चिवडा मी एकट्यानेच संपवला, म्हणून लिहिलं नव्हतं.

डावीकडची शेवटची दाढ तुटली आहे आणि तिची कड गालाला घासते. तिथे काहीतरी खरखरीत लागतं. दोन महिने झाले. पेटी माझ्याच घरात रोज येते-जाते, तिची काच माझी, आणि तिच्यासमोर बसायचं धाडस मला होत नाही, हे कुणाला सांगू? साबेरा गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तिचंही गालातच होतं. तू आठ दिवस माझ्याबरोबर दवाखान्याच्या फरशीवर झोपला होतास, तुला वेगळं सांगायला नको. मुबश्शिरा आईविना झाली तेव्हा आठ वर्षांची होती. पोरीने हाच विषय का घेतला, ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पोरीला काळा डाग दिसला आणि तो माझ्या तोंडात असला तर तिचं काय होईल, याची मला भीती वाटते. पण तू शेजारी असलास तर बसेन. सोमवारी, नऊ डिसेंबरला ये. पहिला मी, मग तू.

खाजामियाँ

—

किल्लारी, १४ डिसेंबर

खाजामियाँ,

सुखरूप पोचलो. लातूरपर्यंत उभ्याने, पुढे जीपमध्ये कडेला, पण मजेत.

बसस्टँडच्या हॉटेलात बसून सगळ्यांना सांगितलं की नांदेडच्या विद्यापीठात माझा फोटो भिंतीवर लावलाय. अण्णाराव म्हणाला, "कशाचा?" मी म्हटलं, "तोंडाचा. आतल्या बाजूनं." कुणाचा विश्वास बसेना. मग मी मुबश्शिराचे शब्दच सांगितले: "चाचा, इतकं चमकणारं तोंड मी आजवर बघितलं नाही." चाळीस वर्षांच्या तंबाखूला सर्टिफिकेट मिळालं. अण्णारावाने ऐकून तिथल्या तिथे डबी काढली.

तुझ्या डाव्या गालात डाग दिसला तेव्हा मी वरवर हसत होतो. पोरगी केवढी शांत राहिली. "अब्बा, आपण उद्या डॉक्टरांकडे जाऊ," एवढंच म्हणाली आणि पेटी पुसत बसली. तू तुकडा काढून दिलास का? रिपोर्ट आला का? पोस्टाची वाट बघू नकोस, या वेळी फोन कर. मी स्पीकर लावणार नाही.

काल तारामतीने तुझ्या नावाने देवाला नारळ फोडला. तुला चालत नसेल तर चालवून घे.

रामलिंग

—

नांदेड, २८ डिसेंबर

रामलिंग,

फोनवर सांगितलं ते पुन्हा लिहितो, म्हणजे वहिनी वाचतील. माझ्या तुकड्यात कॅन्सर नाही. दाढ घासून घासून नुसती जखम झाली होती. दातांच्या डॉक्टरने कड घासली, तंबाखू बंद केली, आणि आता पेटीत तो डाग पुसट होत चालला आहे. वहिनींचा नारळ मला चालला, असं सांग.

फोनवर जे बोललो नाही ते या वेगळ्या पानावर लिहितो. हे तू एकट्याने बसून वाच.

तुझा भिंतीवरचा फोटो मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. सदतीस वर्षं मी फोटो धुतले. उजेड कुठून येतोय हे मला बघता क्षणी कळतं. निरोगी मांसाची चमक आतून येते, सगळीकडे सारखी असते. तुझी चमक वरवरची होती, जरा पिवळी, आणि तिच्यात फराटे होते. बारीक, वाकडे, एका बाजूने ओढलेले. बोटाने काहीतरी सारवल्यासारखे.

तीन दिवस डोकं खाजवलं. मग स्वयंपाकघरातून बशीत चमचाभर हळद आणली आणि तिच्यावर निळा उजेड मारला. वसमतची हळद, रामलिंग. दिवाळीसारखी पेटली. मग तीच तुपात कालवून माझ्या गालातल्या डागावर बोटाने लावली आणि पेटीसमोर बसलो. डाग गायब. माझं तोंड तुझ्यापेक्षा सुंदर दिसलं.

मुबश्शिराने भिंतीवरचा फोटो काढला. ती म्हणाली, चाचांना विचारा, पण रागावून नको. म्हणून विचारतो. ठणठणीत गालात माणूस हळद लावत नाही. काय आहे तिथे आणि कधीपासून आहे? साध्या पाण्याने तोंड स्वच्छ धू आणि परत ये. हे पत्र मिळेल त्याच दिवशी नीघ.

खाजामियाँ

—

किल्लारी, ११ जानेवारी २०२५

खाजामियाँ,

तुझे चार फोन आले ते मीच उचलले नाहीत. आमच्या पोराला, प्रेमला, रागावू नकोस. शेतात गेलेत असं सांग, म्हणून मीच त्याला शिकवलं होतं.

पोळ्याच्या सुमाराला उजव्या गालात फोड आला. गेला नाही. आमच्या घरात कापलं, भाजलं, खरचटलं की हळद-तूप, हे तुला माहीत आहे. रोज लावत होतो. त्या दिवशी लातूरच्या स्टँडवर बस बदलताना पुडीतली काढली आणि बोटाने फिरवली. फसवायचं मनात नव्हतं, तुझी शपथ. जी पोरगी लहानपणी माझ्या बैलगाडीत बसायची, तिच्यासमोर तोंड वासायचं आणि आत जखम दाखवायची, हे बरं वाटेना. पाहुणे यायच्या आधी आपण अंगण सारवतो, तेवढंच केलं. तिने चूळ भरायला सांगितली तर मी पाणी डाव्या गालातल्या डाव्या गालात घुमवून थुंकलं. ती पेटी हळदीला भुलेल हे मला काय ठाऊक? आणि पोरगी तोंड भरून कौतुक करायला लागली, तेव्हा मलाच वाटलं, बरा झालो की काय.

आता तो फोड रुपयाएवढा झालाय. दुखत नाही फारसा.

पण खाजामियाँ, तेवीस फेब्रुवारीला आरतीचं लग्न आहे. शिरूर अनंतपाळचे पाहुणे तालेवार. नवऱ्या मुलाचे वडील आप्पासाहेब शब्दाला पक्के आहेत, तसेच घाबरट पण आहेत. मुलीच्या बापाला असला आजार म्हटल्यावर लोक काय काय बोलतात, तुला सांगायला नको. एवढं लग्न होऊन जाऊ दे. मार्चमध्ये मी आपणहून येतो, मग माझा गाल कापा नाहीतर फ्रेम करून लावा. तारामतीला यातलं काही माहीत नाही. तिला लिहू नकोस. तू फोटो काढायला ये, हळदीपासून थांब. जागा केली आहे.

रामलिंग

—

नांदेड, १५ जानेवारी

रामलिंग,

फोटो काढायला मी येणार नाही.

तू मार्चपर्यंत थांबणार असशील तर तुझ्या लेकीच्या लग्नात माझा कॅमेरा येणार नाही आणि मीही येणार नाही. हे रागाने लिहीत नाही. का, ते सांगतो. हे मी मुबश्शिरालासुद्धा सांगितलेलं नाही.

तिला पहिलीत घालताना शाळेच्या फॉर्मवर आईबापाचे फोटो हवे होते. साबेराला मी माझ्याच स्टुडिओत, माझ्याच स्टुलावर बसवलं. निगेटिव्ह धुऊन काचेवर ठेवली तर उजवा गाल डाव्यापेक्षा जरा वर आलेला. खाली सावली पडलेली. आमच्या धंद्यात डोळा डागावर जातो आणि हात पेन्सिलीवर. गिऱ्हाइकाच्या पुळ्या, देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं मी निगेटिव्हवर पेन्सिलीने भरून काढायचो. माझं टचिंग लातूरपर्यंत नावाजलेलं होतं. मी साबेराची सावलीही भरली. गाल सपाट झाला. तिने फोटो बघितला आणि म्हणाली, "आप तो मुझे जवान कर दिये." मी खूश झालो.

तिच्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत दुसरा पावसाळा आला. मी तिच्या गालावर एक तास डोळा लावून बसलो होतो, रामलिंग. सूज मला दिसली होती. मी ती पुसली, कारण पुसणं मला छान जमायचं.

तू फरशीवर माझ्या शेजारी झोपायचास तेव्हा दर रात्री हे तुला सांगावंसं वाटायचं. जमलं नाही. आज सांगितलं. आता तू तुझ्या गालावर हळद सारवून मला लग्नाला बोलावतोस आणि म्हणतोस, ये आणि माझा हसरा फोटो काढ. मी तसला फोटो एकदा काढला आहे. पुन्हा काढणार नाही.

आप्पासाहेबांना काय वाटेल ते वाटो. वहिनींना सांग. मी सांगण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. मला तू हवा आहेस. साधी गोष्ट आहे. माझ्या हातावर तंबाखू ठेवणारा माणूस दुसरा नाही, आणि आता तंबाखू बंद, तर नुसता हात ठेवायला तरी तू हवास.

खाजामियाँ

—

किल्लारी, १९ जानेवारी

खाजामियाँ,

गुरुवारी तेवीस तारखेला येतो. हळद लावली नाही. कालपासून गालाला साधं पाणी.

तुझं पत्र तारामतीला वाचायला दिलं, कारण माझ्याने तोंडाने सांगवेना. तिने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला, माझा जबडा धरला आणि मोबाइलच्या बॅटरीने आत बघितलं. मग म्हणाली, "लगीन पोरीचं हाय, तुमच्या गालाचं न्हाई. चला, आवरा." संध्याकाळी माझ्यासाठी मऊ भात करताना रडली.

आज सकाळी मला न विचारता ती आरतीला घेऊन शिरूरला गेली आणि आप्पासाहेबांना सगळं सांगून आली. त्यांनी काय म्हटलं ते ती सांगत नाही. म्हणते, आधी दवाखाना.

साबेराभाभींचं तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी काही बोललो नसतो. तुझ्या बाजूला सरकून झोपलो असतो. खरं सांगू, तू पेन्सिल फिरवली नसतीस तरी भाभी दवाखान्यात गेल्या असत्या का, कुणास ठाऊक. आपण सगळेच उशिरा जाणारे. पण आता मी येतोय.

रामलिंग

—

नांदेड, दवाखाना, ६ फेब्रुवारी

समोरच्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या खाजामियाँस,

बोलायला बंदी आहे, म्हणून तीन हातांवर बसलेल्या माणसाला पत्र लिहून राहिलो. वाचून झालं की उत्तर तोंडी दे, पण हसवू नकोस. टाके ओढतात.

काल मुबश्शिरा कागदावर चित्र काढून समजावून गेली. गालातला कॅन्सरचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि मांडीची कातडी गालात बसवली. आता मांडीला खाज सुटली तर गाल खाजवायचा की काय, ते तिला विचारून ठेव. ती म्हणाली, तुकड्यांवर असले रंग टाकतात की ते ठरावीक पेशींनाच जाऊन चिकटतात, मग कोण चांगला नि कोण वाईट ते कळतं. कडेचा भाग स्वच्छ आला तर बाकी काही करायचं नाही, दर महिन्याला दाखवायचं. डॉक्टर तिला म्हणाले की मार्चमध्ये आला असता तर जबडा गेला असता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "चाचा, माझी पेटी तुमच्या हळदीला फसली." मी पाटीवर लिहिलं, मग तिला शिकव. ती म्हणाली शिकवलं. आता आधी सगळ्यांना दोनदा चुळा भरायला लावते, गालातून कापूस फिरवते आणि विचारते, हळद लावली का? नऊ जणांनी हो म्हटलं. बघ, येडा मी एकटा नाही.

सकाळी आप्पासाहेब येऊन गेले. तू चहाला गेला होतास. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "रामलिंगराव, तारीख तीच ऱ्हाईल. बोलायचं आमी बघतो, तुमी निस्तं हुबे ऱ्हावा." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते नाकातल्या नळीमुळे, असं त्यांना वाटलं. वाटू दे.

रात्री तू त्या खुर्चीत झोपतोस, मान वाकडी होते. खाली फरशीवर झोप. जागा आपल्या ओळखीची आहे.

रामलिंग

—

नांदेड, १० मार्च

रामलिंग,

कडा स्वच्छ आल्याचं फोनवर कळल्यावर तू पाच मिनिटं गप्प होतास. मीही होतो. बॅलन्स गेला, पण एवढं छान आपण फोनवर कधीच बोललो नव्हतो.

लग्नाचे फोटो पाठवतोय, एकशे बारा आहेत. आरती सुंदर दिसते. हळदीचा तो घे: वहिनी आरतीच्या गालाला लावतायत आणि तू मागे दोन्ही हात पाठीशी धरून उभा आहेस, हळदीला शिवायचं नाही असं ठरवल्यासारखा.

कन्यादानाच्या फोटोत तुझा उजवा गाल सुजलेला आहे, ओठ एका बाजूला ओढला आहे आणि मानेवरचा व्रण उपरण्याच्या वर दिसतो. वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, एवढं पुसता येईल का? आता पेन्सिलसुद्धा लागत नाही, कॉम्प्युटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी नाही केलं. वहिनींची माफी मागतो. तू होतास तसा आहेस, आणि उभा आहेस.

काल ट्रंकेतून साबेराची ती निगेटिव्ह काढली. कापसावर टर्पेंटाइन घेतलं आणि पेन्सिल पुसली. दहा मिनिटं लागली. मी किती मन लावून भरलं होतं ते पुसताना कळलं. सावली परत आली. गाल वर आला. मग तिच्यावरून नवा फोटो काढला आणि मुबश्शिराच्या हातात दिला, आणि तुला लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. तिने फोटो उजेडात धरला. मला वाटलं, आता ती उठून जाईल. ती म्हणाली, "अब्बा, अम्मी अशी दिसायची. मला आठवतंय. शाळेच्या फॉर्मवरची कुणी दुसरीच वाटायची." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मीही रडलो.

भिंतीवर तुझ्या तोंडाची जागा रिकामी होती. तिथे आता तिची अम्मी आहे.

येत्या सोमवारी गाल दाखवायला यायचं आहे. सकाळी सहाच्या गाडीने ये, म्हणजे बसायला मिळेल. स्टँडवर मी असेन.

खाजामियाँ